हरभऱ्याचं पाणी

भाची फळीवरून एकेक भांडं उतरवत होती आणि मामा ते कागदात गुंडाळत होता. त्याची थोरली बहीण, म्हणजे भाचीची आई, जाऊन महिना झाला होता. घर शनिवारपर्यंत रिकामं करायचं होतं. मामाला एक गोष्ट कबूल करायची होती. ती सकाळपासून ओठांवर यायची आणि दर वेळी तो आणखी एक भांडं पुढ्यात ओढायचा.

मामा धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. सव्वीस वर्षं त्याचं एकच काम. कडधान्य भिजवायचं, मोड आणायचे, शिजवायचं, वाळवून पूड करायची आणि तिथल्या शास्त्रज्ञ बाईंच्या हवाली करायची. कशात किती सत्त्व उरलं ते बाई मोजायच्या आणि हा बरण्या घासायचा. ताई मात्र शेजारीपाजारी सांगत सुटायची, की माझा भाऊ शास्त्रज्ञ आहे. त्यानेही तिचा गैरसमज दूर केला नाही. लग्न जमलं नव्हतं, मित्र पांगले होते. कौतुक करणारं दुसरं होतं तरी कोण?

त्याच तोऱ्यात एका रविवारी त्याने ताईला बजावलं, की हरभरे भिजवलेलं पाणी ओतू नकोस, सगळं सत्त्व त्यात उतरतं, त्यातच शिजव. पुढे दर रविवारी ओट्यावर झाकण घातलेल्या पातेल्यात ते पाणी ठेवलेलं असायचं. ते बघून स्वारी खूश.

मग तीन वर्षांपूर्वी बाईंनी नव्या तपासणीचे आकडे समजावून सांगितले. पाण्याबरोबर थोडं सत्त्व जातं खरं, पण दाण्यातलं लोह अंगी लागू न देणारं द्रव्यही जातं. तेव्हा ते ओतलेलंच बरं. नेमकं त्याच सुमारास डॉक्टरांनी ताईचं रक्त कमी झाल्याचं सांगितलं होतं. मामाला आपला सल्ला आठवला. खरं सांगावं तर शास्त्रज्ञ उघडा पडणार. त्याने कामाची सबब सांगून एक रविवार चुकवला, मग दुसरा. शेवटी नुसते फोन उरले, आणि फोनवरही धीर झाला नाही.

आता तेच पातेलं त्याच्या हातात आलं.

"तुझ्या आईचं रक्त माझ्यामुळे कमी झालं," तो म्हणाला, आणि मग बरण्या घासण्यापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

भाची डोळे पुसता पुसता हसली. "मामा, आई रोज ते पाणी ओतूनच द्यायची. त्याने तिचं पोट फुगायचं. आणि तू बरण्या घासतोस हे तिला कधीचं माहीत होतं. हात बघितलेस का स्वतःचे?"

"मग रविवारी ते ठेवलेलं असायचं ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

मामाच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. त्याला चक्क हसू आलं. भाची पुढचं भांडं काढत सहज बोलून गेली, "तू यायचा थांबलास तरी ठेवायची. म्हणायची, आज येईल बघ. सोमवारी मी ओतायचे."

मामाने ते पातेलं गुंडाळलं नाही, तसंच घरी नेलं.

रविवारी सकाळी त्याने मूठभर भिजलेले हरभरे उपसले, पाणी पातेल्यात काढलं आणि वर झाकण ठेवलं. दिवसभर दार नुसतं लोटलेलं होतं. संध्याकाळी त्याने ते पाणी मोरीत ओतलं आणि पातेलं घासून पालथं घातलं.