असू दे म्हणणारा माणूस

आमच्या वाडीत पोराला मारायची एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण चुकत कोणी नाही. शेजारी तक्रार घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आला की बापाने पोराला त्याच्यासमोर ओढून आणायचं आणि द्यायला सुरुवात करायची. तक्रारवाल्याने थोडा वेळ बघायचं. पोट भरलं की पुढे होऊन बापाचा हात धरायचा आणि म्हणायचं, असू दे आता, लहान आहे. बापाने ‘नाय, सोडा मला’ म्हणत हात सोडवल्यासारखं करायचं आणि थांबायचं. मग चहा. दोघांची अब्रू शाबूत राहते. पोराचं काय राहतं ते कोणी विचारत नाही, कारण पोरालाही अब्रू असते हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही.

आईने मध्ये पडायचं नाही. पडली तर हिनेच पोर बिघडवलं, असं होतं आणि मार दुप्पट होतो. बघायला जमलेल्यांनीही पडायचं नाही. हात धरायचा मान तक्रारवाल्याचा.

गुणवंतीची पोर हेतल तेव्हा चौथीत होती. मासेमारीच्या पावसाळी बंदीचे दिवस. होड्या वर ओढून झाकलेल्या, जाळी मांगरात, सामानाच्या खोपीत, पसरलेली, आणि बाप्ये दिवसभर घरात. आमच्याकडची पोरं सगळ्यात जास्त मार याच दिवसांत खातात. दर्यावर जाणारा माणूस घरात बसला की त्याला घर लहान पडतं.

हेतलने रावजी नाखव्याच्या मांगरात शिरून ब्लेडने जाळ्याचा सुपाएवढा तुकडा कापला. बाहुलीला झोळी बांधायला. चूक होती, नाही कोण म्हणतो? जाळं म्हणजे आमचं पोट. आणि नाखवा म्हणजे होडीचा मालक. हेतलचा बाप रघू त्याच्याच होडीवर खलाशी. म्हणून रावजी तो तुकडा हातात धरून रघूच्या खळ्यात उभा राहिला तेव्हा त्याला बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

रघूने पोरीला दंडाला धरून बाहेर आणलं. पहिल्या दोन रीतीप्रमाणे पाठीवर, आवाज मोठा आणि लागतं कमी अशा. रावजी बघत होता. रघूने मारता मारता त्याच्याकडे बघितलं, तो पुढे झाला नाही. म्हणजे अजून पोट भरलं नव्हतं. मग रघूने जरा जोरात घातल्या.

तेवढ्यात रावजीचा मोबाईल वाजला. बर्फाच्या कारखान्यातून कोणी होता. रावजी ‘हां, बोला’ म्हणत खळ्याच्या कडेला गेला आणि पाठ करून उभा राहिला.

रघू थांबला नाही. कसा थांबणार? असू दे कोणी म्हटलं नव्हतं. आपण होऊन थांबला असता तर नाखव्याला वाटलं असतं, पोरीला पाठीशी घालतो. तो मारत राहिला आणि रावजीच्या पाठीकडे बघत राहिला. पाठीवर, डोक्यावर, मग तोंडावर. पोर आधी ओरडत होती, नंतर ओरडायची बंद झाली. खळ्यात पंधरा-वीस माणसं होती. सगळी रावजीचा फोन संपायची वाट बघत होती. गुणवंती दाराची चौकट धरून उभी होती. मी मध्ये पडले तर दुप्पट होईल, असा हिशोब ती करत होती. दुप्पट कशाच्या, ते तिला तेव्हा कळायला हवं होतं.

रावजी फोन संपवून वळला, लगबगीने आला, रघूचा हात धरला आणि बरोबर म्हणाला, “असू दे आता, लहान आहे.” हेतलच्या डाव्या कानातून रक्त येत होतं.

रत्नागिरीत कानाच्या डॉक्टरकडे नेली. वाटेत रिक्षात कोणी काही ठरवलं नव्हतं, पण डॉक्टरांनी विचारल्याबरोबर रघू म्हणाला, जेटीच्या पायऱ्यांवरून पडली. डॉक्टर बाईंनी त्याला आणि गुणवंतीला बाहेर बसवून पोरीला एकटीला विचारलं. पोर म्हणाली, पडले. तिला कोणी शिकवलं नव्हतं. पुन्हा विचारलं, पुन्हा पडले. बाईंनी मोबाईलवर मुलांच्या मदतीचा नंबर काढून तो गुणवंतीला दाखवला, तिने तो पाठ केला आणि कधीच लावला नाही. लावून काय करणार होती? रघूला पोलिसांनी नेलं तर होडीवर कोण जाणार, आणि नाखव्याचं नाव घेतलं तर वाडीत कोण राहू देणार?

बरेच दिवस खेपा झाल्या. शेवटी डॉक्टर बाई म्हणाल्या की डावा कान आता ऐकणार नाही, नुसता पडदा फाटला असता तर भरून आला असता, आतलं दुखावलंय. “उजवा सांभाळा,” त्या म्हणाल्या. “आता सगळं त्याच्यावर आहे. त्या बाजूला एकही फटका नको.”

गुणवंती परत आली ती एवढं एक वाक्य घेऊन. उजवा सांभाळा. तिचं जगातलं बाकी सगळं काम संपलं आणि हे एकच उरलं.

आधी ती नवऱ्याशी बोलली. रघू काही राक्षस नाही. तो रडला, जेवला नाही, पोरीला नवी बाहुली आणली. पण हात उचलणार नाही असं बोल, म्हटल्यावर त्याने आपल्या बापाचा विषय काढला. त्याचा बाप त्याला वल्ह्याने मारायचा, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “नाखवा वेळेवर बोलला असता तर मी थांबलो नसतो काय गो?”

ती रावजीकडे गेली. त्याच्या बायकोने तिला पाट दिला, चहा दिला. रावजीला खरोखर वाईट वाटत होतं. औषधाचं तो बघणार होता. पण दोष? “मी काय मार बोललो त्याला? मी असू दे बोलणारच होतो. फोन आला त्याला मी काय करू?”

म्हणजे मारणारा थांबवणाऱ्याची वाट बघत होता आणि थांबवणारा फोनवर होता. पोरीचा कान कोणीच फोडला नाही. तो आपला आपण फुटला.

नारळी पौर्णिमेआधी देवळात वाडीची बैठक होते. बायका खांबामागे बसतात. मिरवणुकीचं ठरून झाल्यावर गुणवंती उठली. आमच्या वाडीत बाई बैठकीत उठत नाही. ती म्हणाली, ही रीत बंद करा. तक्रार असेल तर घेऊन या, आम्ही भरून देऊ, पण पोराला चारचौघांत मारायचं बंद करा.

पहिल्यांदा कोणी हसलं. मग सगळे बोलायला लागले. एक म्हातारा म्हणाला, मारायचं नाय तर काय आरती ओवाळायची? दुसऱ्याने सांगितलं की शाळेत मास्तरांनी मारायचं बंद केलं तेव्हापासूनच पोरं शेफारली, आता घरीही बंद केलं तर आईबापालाच मारतील. आम्ही मार खाऊनच माणसं झालो, असं तर जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. माणसं झालो म्हणे. पोरीच्या कानातून रक्त येईपर्यंत फोन संपायची वाट बघणारी ही माणसं.

बायकांतून गुणवंतीच्या बाजूने एक आवाज आला नाही. तिची शेजारीण सोनूबाई तर म्हणाली, पोरगी असली म्हणून काय झालं, सासरी जायचंय तिला, सवय नको?

मग मंडळाचा सेक्रेटरी अनिल उठला. शिकलेला, समंजस माणूस. गुणवंती वहिनींचं म्हणणं अगदीच चूक नाही, असं त्याने सुरू केलं. घडलं ते वाईट घडलं आणि त्यातून वाडीने काहीतरी शिकलं पाहिजे. म्हणून त्याने ठराव मांडला, की यापुढे तक्रार घेऊन जाताना मोबाईल घरी ठेवायचा.

सगळ्यांचे हात वर गेले. रावजीचा सगळ्यात आधी, रघूचाही. ही आमच्या वाडीची सुधारणा. गुणवंती खाली बसली.

होड्या दर्यात गेल्या. हेतल शाळेत डावीकडून हाक मारली की वळेना. मास्तरांना दिलेली डॉक्टर बाईंची चिठ्ठी त्यांनी नीट वाचली आणि तिला पुढच्या बाकावर बसवलं. वाडीत असं पुढचं बाक नसतं. इथे बोलावलेलं ऐकू आलं नाही तर तो माज असतो.

ऑक्टोबरच्या उन्हात सोनूबाईने खळ्यात बांगडे सुकत घातले होते. हेतल कुंपणापलीकडे खेळत होती, डावी बाजू त्या खळ्याकडे. मांजर आलं. सोनूबाई मागच्या पडवीतून ओरडली, गो पोरी, हाकल ते. पोर ढिम्म. मांजराने दोन नेले आणि चार नासवले.

सोनूबाई आली ती रिकामे हात पुढे करून, मोबाईल घरी ठेवलाय हे सगळ्यांना दिसेल असं. होडीचं मशीन खोललं होतं म्हणून रघू त्या दिवशी घरी होता. “हाक मारली तर बघत नाय,” सोनूबाई म्हणाली. “सगळ्यांनी लाड केलेत ना आता.”

तिला ऐकू येत नाही हे सोनूबाईला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण मांजराला शिक्षा करता येत नाही आणि बांगडे तर गेले होते.

रघूने हातातला पाना खाली ठेवला. उठायला त्याला जड गेलं, हेही लिहायला पाहिजे. पण उठला. त्याचा हात एकदा सुटला की कुठल्या बाजूला पडेल हे त्यालाही सांगता येत नसे.

त्याच्याआधी गुणवंती दारातून बाहेर आली. तिने आजवर पोरीला बोट लावलं नव्हतं. तिने रघूला मागे सारलं आणि म्हणाली, “तुम्ही नको. मी देते.”

तिने हे कितीतरी आधीच ठरवून ठेवलं असणार. आपला उजवा हात समोरच्याच्या डाव्या गालावर पडतो. आपण मारलं तर डावाच लागेल.

हेतल पळाली नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली, मान वळवली, उजवा कान खांद्यात दाबून धरला आणि डावी बाजू वर केली. डोळे मिटून घेतले. कोणी सांगितलं नव्हतं तिला. तिनेही ठरवून ठेवलं होतं.

“इथे मार, आये,” ती म्हणाली.

गुणवंतीने मारलं. आवाज येईल असं मारावं लागलं, नाहीतर सोनूबाईचं समाधान झालं नसतं.

सोनूबाई लगेच पुढे झाली, पहिल्याच फटक्याला, आणि तिने गुणवंतीचा हात धरला. असू दे आता, लहान आहे. रघू परत पान्याकडे वळला. गुणवंतीने आत जाऊन चहा ठेवला, कारण चहा ठेवायचा असतो.

सोनूबाई चहा पिताना म्हणाली, बैठकीतला ठराव बाकी चांगला झाला हो. पोर अजून खळ्यात तशीच उभी होती, डावी बाजू वर करून. झालं, संपलं, असं कोणीतरी तिला डावीकडून सांगत होतं.