एकाच नावाचे दोन बिंदू

रिता विमान चालवते हे मोहाडीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. ती बारा दिवस घरी का बसणार आहे, हे तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवस वाट पाहून पंचफुलाबाईनं सरळच विचारलं.

“काहून आली वं? खरं सांग.”

रितानं सांगितलं. उडायच्या आधी विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये सगळी वाट भरावी लागते. वाटेवरच्या ठरावीक बिंदूंना नावं असतात. एकाच नावाचे दोन बिंदू निघाले, कॉम्प्युटरनं दोन्ही दाखवले आणि घाईत तिनं दुसऱ्याच देशातला निवडला. एकूण अंतर भलतंच वाढलेलं पाहून कॅप्टननं जमिनीवरच चूक पकडली. आता सिम्युलेटरवर परीक्षा. पास झाली तरच पुन्हा उड्डाण.

“त्या मशीनले समजत नाही का?”

“आपण कुठं आहो ते त्याले बरोबर समजते, आई. उपग्रहावरून, आतल्या यंत्रावरून. जायचं कुठं, ते आपण सांगतो. चुकीचं सांगतलं तं तिकडंच नेते.”

म्हणून वाट भरली की एकानं कागदावरून प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर पाहून ‘बरोबर’ म्हणायचं. रिताच्या लॅपटॉपवर सरावासाठी तसाच पडदा होता. वाचायला कोणी नव्हतं.

“दे इकडं. सातवी पास आहो मी,” पंचफुलाबाई म्हणाली.

रोज दुपारी दोघी बसू लागल्या. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाईनं वाचलं, “अंतर एकशे बारा.”

“बरोबर.”

पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, तर एकशे बारा तिथं होते. ती थबकली.

“थांब. मी खालची ओळ वाचली होती. तू कायले हो म्हणली?”

रितानं पडद्याकडे पाहिलं. त्या टप्प्याचं अंतर होतं अठ्ठेचाळीस.

“तू पाहूनच नाही राहिली, बाई. नुसती हो म्हणून राहिली.”

रिता उठून बाहेर गेली. अर्ध्या तासानं आली, तोंड धुतलेलं होतं.

“पहिल्यापासून वाच,” ती म्हणाली. आता ती प्रत्येक आकड्यावर बोट टेकवत होती. पंचफुलाबाई मुद्दाम चुकीचं वाचू लागली. त्या दिवशी रितानं सात चुकांतल्या पाच पकडल्या, शेवटच्या दिवशी सगळ्या.

परीक्षेच्या दिवशी पंचफुलाबाई शेतावर, बांधीत धानाच्या रोवण्याला होती. फोन वाजला तसे तिनं चिखलाचे हात पदराला पुसले.

“पास झाली आई. परीक्षक म्हणे, फार वेळ लावते.”

“लागू दे वेळ,” ती म्हणाली आणि ओळीतल्या बायका पुढं सरकल्या होत्या, म्हणून फोन ठेवून दिला.