दुधाळ तेल आणि ओला टॉवेल

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि हसत हसत जवळ येणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो.

जन्मतः मी अशी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा कोणीही बॉनेट उघडलं तरी मला त्यात कौतुकच दिसे. पहिली नोकरी धरणाच्या मोजणी खात्यात केली. रस्ता संपला की इतर गाड्या थांबत. माझं काम तिथून सुरू होई. दुर्बिणी, तिपाया आणि चिखलाने माखलेली माणसं घेऊन मी टेकड्या चढले. साहेब माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "ही आहे म्हणून आपण आहोत." धरण पूर्ण झालं आणि त्याच साहेबांनी मला आवाराच्या मागच्या कुंपणापाशी उभं केलं. आधी माझे आरसे गेले, मग बॅटरी, मग स्टेपनी. नेणारा प्रत्येक जण हसत आला होता.

त्यामुळे लिलावाच्या दिवशी दोन माणसं माझ्याभोवती हसत फिरू लागली, तेव्हा आता माझं इंजिनच जाणार अशी माझी खात्री झाली. पण त्यांनी मला सबंध नेलं.

एक होते दातांचे डॉक्टर. दुसरा त्यांचा मेव्हणा, पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवणारा. दोघांनी अर्धी अर्धी भागीदारी केली. एका रविवारी मला डॉक्टरांनी डोंगरात न्यायचं, पुढच्या रविवारी मेव्हण्याने. दगडधोंड्यांच्या वाटेवर चढायचं, चिखलात रुतायचं, सोबतच्या गाड्यांना दोराने ओढायचं, आणि संध्याकाळी भुकेजून घरी यायचं. शहाण्या माणसांना याला छंद म्हणताना मी ऐकलं आहे.

या छंदाचे त्यांनी दोन नियम केले होते. पहिला असा, की गाडी खोल पाण्यातून नेली तर दुसऱ्याला सांगायचं. पाण्यात जायला बंदी नव्हती, लपवायला होती. चाकांमधल्या एक्सलमध्ये दाट तेल असतं, आणि त्यात पाणी शिरलं की आतले दाते हळूहळू खाल्ले जातात. दुसरा नियम असा, की गाडी परत घेणाऱ्याने खालचं बूच उघडून तेल बघायचं. डॉक्टर न चुकता बघत. हातमोजा घालून बोट बुडवत, उजेडात धरत, वास घेत. मेव्हणा कधीच बघत नसे. म्हणे, "भावजींनी दिली म्हणजे ठीकच असणार."

डॉक्टरांनी माझी जितकी काळजी घेतली तितकी कोणीही घेतली नव्हती. गंज धरू नये म्हणून ते माझ्या पोटाखाली झोपून ब्रशने काळा रंग देत. एक बोल्ट, एक कोपरा सोडत नसत. मी कोणाच्याही फेरीवरून येवो, मला धुवायचा मान त्यांचाच. इंजिन अजून टिकटिकत असतानाच ते पाइप लावत आणि चाकांच्या आतल्या बाजूंवर गार पाण्याचा झोत सोडत. चिखल वाळला की निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. इमारतीतले शेजारी गॅलरीत उभे राहून बघत आणि म्हणत, "पेशंटला एवढं जपता का हो?" मला तेव्हा बरं वाटे. संशय घ्यायला हवा होता तो नेमका तिथे मी घेतला नाही.

एका रविवारी मेव्हणा मला टेकडीवर नेऊन परत आणून सोडून गेला. वाट कोरडी ठणठणीत होती. डॉक्टरांनी मला धुतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूच उघडलं. बोट बाहेर आलं ते दुधाच्या कॉफीत बुडवल्यासारखं.

त्यांनी ते उजेडात धरलं, वास घेतला. बोट पुसलं आणि माझ्या पुढच्या सीटकडे पाहिलं. तिथे मेव्हण्याचा टॉवेल पडला होता. ओला.

ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. गॅरेजवाल्याने तेलाकडे एक नजर टाकली. "पाण्यातून गेलीय गाडी, दुसरं काय! कोणाला दिली होती?"

"घरातल्याच माणसाला."

"मग विचारू नका. घरातले कबूल करत नाहीत."

तेल बदललं, पण त्या दिवसापासून डॉक्टरांची नजरही बदलली. मेव्हण्याला गाडी देण्याआधी ते माझ्या टायरवर खडूने रेघ मारू लागले, पाण्यात गेली तर पुसली जावी म्हणून. पायाखालच्या मॅटखाली टिपकागद ठेवू लागले. मी परत आले की चाकांतला चिखल चिमटीने काढून दवाखान्यातल्या छोट्या डबीत भरू लागले आणि डोंगराच्या वाटेजवळच्या ओढ्याकाठच्या मातीशी ताडून बघू लागले. मॅट ओली निघे. निघणारच. तलावावरून थेट येणाऱ्या माणसाच्या चपला कोरड्या कशा असतील? पण संशय आलेल्या माणसाला ओलं एवढंच दिसतं, कशाने ओलं ते दिसत नाही.

आणि तेल पुन्हा दुधाळ निघालं.

मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, की हा मनुष्य मला ओढ्याच्या आसपासही घेऊन गेला नाही. पण पाणी आलं कुठून हे मलाही कळत नव्हतं. एक्सलपाशी मधूनमधून कोंडल्यासारखं वाटे, एवढंच. मला गॅरेजवाल्याचा संशय आला. तेलाच्या डब्याचा आला. रात्री माझ्याखाली येऊन बसणाऱ्या मांजराचासुद्धा आला.

शेवटी पार्किंगमध्येच स्फोट झाला. डॉक्टरांची बायको, म्हणजे मेव्हण्याची मोठी बहीण, नुकतीच कामावरून आली होती. ती कोर्टात लघुलेखिका. साक्षीदार जे बोलतील ते टिपून घ्यायचं हे तिचं काम. सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

"पाण्यात घातली होतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, भावजी."

"मॅट ओली, टॉवेल ओला, तेल दुधाळ. आणि तू नाही म्हणतोस."

"माझा टॉवेल कोरडा दिसला तर समजा माझी नोकरी गेली."

"विषय हसण्यावारी नेऊ नकोस. घातली असलीस तर सांग, मी काही बोलणार नाही. पण खोटं बोलू नकोस."

मेव्हण्याचं हसू उतरलं. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तेल तरी खोटं बोलत नाही."

"अहो!" ताई म्हणाली. "दिवसभर खरं-खोटं टाइप करून माझी बोटं दुखतात. आता पार्किंगमध्ये पण कोर्ट भरवलंत?"

मेव्हण्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या बॉनेटवर ठेवली. आपटली नाही, ठेवली. "गाडी विका, ठेवा, काय ते करा. पण ताईसमोर मला खोटारडा म्हणालात, भावजी. ते परत घ्याल त्या दिवशी येईन."

त्यानंतर तो आला नाही. रविवारी जेवायला नाही, भाच्यांना पोहायला न्यायलाही नाही. ताई डॉक्टरांशी कामापुरतं बोलू लागली आणि माझ्यात बसायची बंद झाली. भाचे गॅलरीतून मला बघत आणि आत निघून जात. मित्रांनो, कुंपणापाशी उभी असताना माझी बॅटरी गेली होती. इथे माझं सगळं जागेवर होतं आणि घरातला एक माणूस गेला होता.

डॉक्टरांनी मला विकायचं ठरवलं. पण माणूस काटेकोर. खराब तेलानिशी गाडी दाखवणं त्यांना पटेना. त्यांनी जुनं तेल काढलं, नवं भरलं. मेव्हण्याची किल्ली दवाखान्यातल्या खणात कुलूपबंद केली, स्वतःची खिशात ठेवली. गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी ते मला एकट्याने डोंगराच्या वाटेवर फिरवून आले, सगळं नीट चालतं का हे बघायला. वाट कोरडी होती. परत आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पाइप लावला आणि मला लख्ख धुतलं.

सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, त्यांनी बूच उघडून बोट बुडवलं. दुधाची कॉफी.

मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. आधी त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. मग टायर पाहिले. मग, मित्रांनो, त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं आणि मला त्यांची भीती वाटली.

"रात्री तू गाडी काढली होतीस का?" ताई खाली आल्यावर त्यांनी विचारलं.

"मी?" ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "माझा पाय क्लचला पुरत नाही, हे तुम्हीच चारचौघांत हसून सांगत असता ना?"

"मग पाणी आलं कुठून? काल गाडी माझ्याशिवाय कोणी चालवली नाही."

"माझ्या भावाच्या वेळी ज्याने चालवली तो चोर ठरला. आता काल ज्याने चालवली त्याला विचारा."

ती जिना चढून गेली. डॉक्टर माझ्या चाकाला टेकून बसले. मग उठले, गाडीत ठेवलेल्या पिशवीतून दात बघायचा छोटा आरसा काढला, आणि पाठीवर झोपून माझ्याखाली सरकले.

कुठून पाणी शिरेल ते ते एकेक सांधा बघत शोधत होते. आरसा एक्सलच्या वरच्या बाजूला गेला, जिथे माणसाची नजर थेट पोचत नाही. तिथे बोराएवढी एक टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. एक्सल चालून तापला की आतली हवा तिथून बाहेर पडते, गार झाला की परत आत येते. माझी टोपी गुळगुळीत, काळी, चकचकीत होती. तिच्यावर डॉक्टरांच्या ब्रशचे थर होते. वर्षावर्षाला दिलेले, एक कोपराही न सोडता.

त्यांनी पाना लावून टोपी सैल केली. सूं करून हवा आत ओढली गेली. किती दिवसांनी मी तिथून श्वास घेतला!

डॉक्टर तसेच झोपून राहिले. आता त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक्सल गरम, टोपी बंद, वरून गार पाण्याचा झोत. आतली हवा आकसणार आणि मिळेल त्या फटीतून आत ओढणार. हवा मिळाली नाही तर पाणी. मेव्हण्याच्या फेरीनंतर झालं तेच त्यांच्या स्वतःच्या फेरीनंतरही होत असणार. पण त्यांच्या फेरीनंतर तेल बघायचं होतं मेव्हण्याने, आणि तो त्यांच्यावर विश्वास ठेवून बघत नव्हता.

गिऱ्हाईक आलं, हसत. डॉक्टर कपडे झटकत बाहेर आले. "माफ करा, गाडी विकायची नाही."

"अहो, मग बोलावलंत कशाला?"

"अर्धी माझी नाही, हे विसरलो होतो."

ते तसेच काळ्या हातांनी मला तलावावर घेऊन गेले. मेव्हणा शिट्टी गळ्यात अडकवून फाटकाशी आला, खांद्यावर टॉवेल. डॉक्टरांनी ती टोपी त्याच्या हातावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. काही गाळलं नाही, पाइपसुद्धा नाही.

मेव्हण्याने टोपी फिरवून पाहिली. "रंग मात्र झकास दिलाय, भावजी."

"ताईसमोर बोललो होतो. ताईसमोरच परत घेतो. चल, बस."

मेव्हण्याने टोपी डॉक्टरांच्या हातात परत दिली. मग टॉवेल खांद्यावरून काढला, तो नीट झटकला, आणि डॉक्टरांकडे बघत माझ्या सीटवर पसरला. ओलाच. डॉक्टरांची नजर टॉवेलवर गेली. तोंड उघडलं.

"काय?" मेव्हण्याने विचारलं.

"काही नाही. बस."

घरी ताई दारात उभी होती. डॉक्टर काय बोलले ते मला खालून ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "आता ते एकदा स्पष्ट म्हणा, नीट टिपून घेते," आणि तिघं हसली. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसण्याचा मला संशय आला नाही.

आता डोंगरावरून आले की मला आधी गार होऊ देतात, मग धुतात. तेल दोघंही बघतात, दोघांच्याही फेऱ्यांनंतर. तुमच्याकडे सायकल असो, पंखा असो, नाहीतर माझ्यासारखी म्हातारी जीप, तिला जरूर जपा. पण जपताना आपला हात कुठे कुठे फिरतो तेही बघा, आणि बिघाड दिसला की दुसऱ्याचा टॉवेल हुंगण्याआधी एकदा तिच्याखाली वाका.

माझ्या एक्सलवर आता नवी टोपी आहे, बिनरंगाची. रंगाचा डबा आणि ब्रश पार्किंगच्या फळीवर ठेवले आहेत. गंजाचे दिवस जवळ आले की डॉक्टर त्या फळीकडे बघतात. मी डॉक्टरांकडे बघते.