अर्जदाराचं नाव

"ही सही तुमचीच ना, अक्का?"

प्रवीणकुमारच्या टेबलावरचा कागद अहल्येनं लगेच ओळखला. परवा नगरपालिकेत तिनं स्वतःच्या हातानं दिलेला अर्ज तो. तो इथे, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, सुपरवायझरच्या टेबलावर कसा आला?

नळांवर चकचकीत मुलामा चढवणारा हा कारखाना. अहल्या तेरा वर्षं इथे तयार नळ कागदात गुंडाळत होती. नवरा गिरीधर आत पॉलिशवर होता. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांची गल्ली. उन्हाळ्यापासून गल्लीतल्या बोअरवेलचं पाणी पिवळट यायला लागलं, पोरांची पोटं बिघडली. नगरपालिकेची माणसं बाटलीत पाणी भरून घेऊन गेली, त्याला तीन महिने झाले. अहवालाचं कुणी नाव काढेना. त्यातच मुलगी वाणी बाळंतपणाला माहेरी आली. ते पाणी तिच्यापुढे ठेवायला अहल्येचा हात धजेना. मग तिनं कानडीत चार ओळी लिहिल्या: अहवालाची नक्कल मिळावी. खाली नाव, पत्ता.

"मी फक्त विचारलं, सर. कुणाची तक्रार नाही केली."

"विचारलं तरी कशाला?" त्यानं आवाज चढवला नाही, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. "गिरीधरची अजून सहा वर्षं आहेत ना नोकरीची? उद्या जा, अर्ज मागे घ्या. सरी? समजलं ना?"

त्या दिवशी गिरीधरनं उजेड असतानाच दाराला कडी घातली.

"सगळी गल्ली गप्प, तूच एकटी शहाणी?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "वाणीला सकाळी मल्लेश्वरमला तुझ्या बहिणीकडे सोडतो. मिटलं."

"आणि बाकीच्या पोरीबाळी?"

बाहेर कुणाच्या चपला वाजल्या, तशी दोघंही पाय दूर जाईपर्यंत श्वास धरून बसली.

नगरपालिकेतला कारकून गुंडूराव बेळगावकडचा. अर्ज देताना तिचं मराठी ऐकून, "आपलीच माणसं की," म्हणून हसला होता. आज नजर वर करेना.

"माझा अर्ज तिकडं कसा गेला, गुंडूराव?"

"मला विचारू नका, बाई. साहेबांनी मागितला, मी दिला. मलाही घर आहे." त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "माहिती नको, अर्ज मागे घेते, एवढंच लिहा. फाईलचा नंबर घाला."

नंबर दिसावा म्हणून त्यानं फाईल तिच्याकडे वळवली. आत डावीकडे अहवाल लावलेला होता. मजकुरावर गुंडूरावचा तळवा होता. शेवटची ओळ तेवढी उघडी राहिली होती. कुडियलु योग्यवल्ल. पिण्यास योग्य नाही. खालची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. गुंडूरावनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या ओळीकडे. तळवा हलवला नाही.

"काही वाचलंत का?"

"नाही."

"बरं केलंत." त्याच्या कपाळावर घाम आला होता.

तिनं सही केली.

बसमधून उतरून ती गल्लीत शिरली, तेव्हा बोअरवेलवर चारपाच बायका पाणी भरत होत्या. समोर कारखान्याची मागची खिडकी उघडी होती. आत कोण उभं आहे, ते दिसत नव्हतं. सरळ घरी जावं, असं तिला वाटलं. वाणी तर आता मल्लेश्वरमला सुरक्षित होती. पण पाय उचलेना.

"तानूबाई," ती शेजारणीला म्हणाली, "ओतून टाका ते. पिऊ नका कुणी."

"कोण म्हणतं?"

"नगरपालिकेचा अहवाल. मी वाचलाय."

"कागद कुठाय?"

"दिला नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तानूबाईनं आवाज खाली आणला. "उद्या कुणी आम्हाला विचारलं तर काय सांगू?"

अहल्येनं एकवार त्या खिडकीकडे पाहिलं.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावरच दोघांचीही कामाची कार्डं काढून घेतली. नोकरी गेली.

मंगळवारी सकाळी मोठ्या रस्त्यापलीकडच्या सरकारी नळावर अख्खी गल्ली कळश्या घेऊन रांगेत उभी होती. अहल्येशी बोलायला मात्र कुणी धजत नव्हतं. गिरीधर तेवढा तिच्यामागे येऊन उभा राहिला, अंगात कामावरचा खाकी शर्ट. आठचा भोंगा झाला. सवयीनं त्याचे पाय कारखान्याकडे वळले. मग तो थांबला, वाकला, आणि कळशी एक पाऊल पुढे सरकवली.