सुनेत्राला भांडण हवं होतं

बाहेर.

सुनेत्राने आमटीत मुद्दाम मूठभर गूळ घातला. "बडोद्यात जन्मलो म्हणून गुजराती दाळ ढोसायची काय?" असं म्हणत अविनाश, तिचा नवरा, एरवी ताट सरकवायचा. आज त्याने मान खाली घालून सगळी आमटी संपवली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टरबाईंनी याला नैराश्य म्हटलं होतं. गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, फरक शून्य.

आत.

गोळी पहिल्याच दिवशी कामाला लागली होती. मज्जापेशींमधल्या फटीत सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन साचलं. पण ते सोडणाऱ्या पेशीच बिचकल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला. तो सैल व्हायला आठवडे लागतात.

बाहेर.

"गोड आमटीसुद्धा निमूट खातो हो! गोळी बदला ना."

"सुनेत्राबेन, मीठ घातलं, ढवळलं, झालं, असं मेंदूचं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फार दिवसांच्या ताणाने पेशींच्या फांद्या खुरटतात. नवी पालवी फुटायला वेळ लागतो. सगळं आम्हालाही उमगलेलं नाही, पण आणखी थोडं थांबून बघू."

"तोवर मी काय करू?"

"आमटी नीट करा."

आत.

एक फांदी. बारीकशी.

शेजारी दुसरी.

बाहेर.

अविनाशची वाघोडियाच्या कारखान्यातली रजा संपत आली. थांबलो ते चुकलं की काय, या विचारात सुनेत्रा सकाळी पोळ्या लाटत होती, तोच खालून आरडाओरडा ऐकू आला. ती गॅलरीत धावली.

शेजारच्या हार्दिकभाईंची स्कूटर नेहमीसारखी सोसायटीच्या फाटकात आडवी. इतके महिने अविनाश तिला मुकाट वळसा घालून जायचा. आज मात्र तो बनियनवरच तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हार्दिकभाई, आ फाटक छे के तमारुं गॅरेज?"

"अरे, बे मिनिट माटे..."

"तमारी बे मिनिट दिवाळी सुधी चाले छे!"

हार्दिकभाईंनी वर पाहिलं. "भाभी, अविनाशभाईने उपर बोलावो ने! केटलुं लडे छे!"

"लढू द्या हो," सुनेत्रा म्हणाली. "अजून थोडं लढू द्या."

तिने गॅलरीतच बूड टेकलं आणि भांडण शेवटपर्यंत ऐकलं. तव्यावर पोळी करपली. करपेना का.