आक्काचा डावा डोळा

दैवशालाने हनुवटी मशीनवर टेकवली आणि पदराचा बोळा मुठीत आवळला. हलू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून बिचारीने श्वासही रोखून धरला. डोळ्यात टिचकी मारल्यासारखं झालं, लख्ख उजेड फाकला, पुन्हा टिचकी. मग दुसरा डोळा. एवढ्याशा कामाची तिने आठवडाभर धास्ती घेतली होती.

तसं तिच्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं. शहागडच्या घरी ती अजून एका झटक्यात सुईत दोरा ओवायची. पण थोरल्या बहिणीचा, झुंबरबाईचा, डावा डोळा गेल्या साली काचबिंदूने एका रात्रीत गेला. अर्धशिशी समजून घरच्यांनी कपाळाला बाम चोळला होता. डोळ्यातलं पाणी निचरायची वाट मुळात अरुंद, बहिणींचीही असू शकते, तपासून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. दैवशालाची तशीच निघाली. लेझरने बारीक छिद्र पाडलं की धोका कमी होतो म्हणे. पण चांगल्या डोळ्याला भोक पाडून घ्यायचं, हे काही तिच्या पचनी पडेना. अंतरवाली सराटीहून झुंबरबाईचा फोन आला नसता, तर ती जालन्याकडे फिरकलीही नसती.

"लेझरनं माझा डावा डोळा माघारी आला, दैवा. पारावरची माणसं ओळखू येऊ राह्यलीत."

ते ऐकून दैवशाला तयार झाली. धाकटी गिरिजा मात्र पक्की. आधी तू करून घे, मंग मी बघते, असं म्हणून ती मोकळी झाली होती.

आणि आज लेझर झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळा घोळ करून ठेवला. गेलेली नजर लेझरने परत येत नाही, आहे ती राखायची, त्या समजावत होत्या. दैवशाला चक्रावलीच. मग आक्काची कशी आली? तिने विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सोबत आलेल्या झुंबरबाईला खोकला आला आणि बस गाठायची घाईही एकदम आठवली.

बाहेर जुन्या जालन्याची गल्ली धुरकट दिसत होती. डोळ्यात घातलेल्या थेंबांमुळे दैवशालाचं कपाळ ठणकत होतं. झुंबरबाईने तिचा हात धरला आणि मोठ्या ऐटीत तिला चालवू लागली. डावीकडून काहीतरी मोठं, काळंपिवळं अंगावर आलं. धूसर डोळ्यांच्या दैवशालाला ते दिसलं, झुंबरबाईला नाही. दैवशालाने तिला मागे ओढलं आणि रिक्षा पदराला घासून गेली.

चहाच्या टपरीवर दोघी बाकावर टेकल्या. दैवशालाने कप बहिणीच्या डाव्या बाजूने, अगदी डोळ्याजवळ धरला. झुंबरबाई समोर रस्त्याकडे बघत राहिली. वाफ गालाला लागली तेव्हा तिने मान वळवली.

"आक्का, तुझा डोळा..."

"न्हाई आला. गेला तो गेलाच." झुंबरबाईने कप दोन्ही हातांनी घेतला. "खरं सांगितलं असतं, तर आली अस्ती का तू?"

दैवशालाला राग आला, आणि त्या रागातच रडूही आलं. फसवलं म्हणून भांडावं की पाया पडावं, तिला काही सुचेना.

"मंग मला फायदा काय झाला?"

"काईच न्हाई. घरी जा अन् सुईत दोरा ओव."

याला उत्तर म्हणावं की चेष्टा, हे कळायच्या आत फोन वाजला. गिरिजा होती. तिने थेट मुद्द्याला हात घातला. दुखतं का, खर्च किती आला, आणि आक्काला त्या डोळ्याने खरंच दिसतं का?

झुंबरबाई रिकामा कप ठेवायला डाव्या हाताने बाकाची कड चाचपत होती. दैवशालाने तिचं मनगट धरून कप नीट टेकवला.

"दिसतं ना," ती गिरिजाला म्हणाली, "बराबर दिसतं. तू सोमवारी ये. मी बी संग असते."