गादीखालचा हात

आमच्या घरात कोणी कोणाला दुखावून बोलत नाही, मी सोडून. त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी आणि नवरा एकाच फोमच्या कारखान्यात. तो ओततो, मी कापते. दोन रसायनं ढवळून लाकडी पेटीत ओतली की पातळ घोळ बघता बघता फसफसून काठोकाठ येतो. ठोकळा वरून थंड लागला तरी आत तापलेला असतो. म्हणून तो एकेकटा मोकळ्या हवेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पात्याखाली आणायचा. ओतण्यात नवऱ्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मी त्याच्या तोंडावर म्हणत नाही. आधीच शेफारलाय.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माकडहाडापाशी जखम झाली. घरी येणारी नर्स म्हणाली, "गादी बदला. जखम खोल गेली तर दवाखान्यात ठेवावं लागेल." सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. "मला इथून हलवू नका गं."

नवऱ्याने आईसाठी खास ठोकळा ओतला, फुगवणारा माल सढळ हाताने घालून. तळवा दाबला तर मनगटापर्यंत आत जाई. फोमवाल्या माणसाला समोर फोम दिसला की दाबल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांनी दाबून पाहिला, वाहवा केली. मीसुद्धा म्हटलं, "चला, एक काम धड केलंत."

"कशी आहे गादी, आई?" मी रोज विचारायची.

"लोण्यासारखी," त्या म्हणायच्या. आणि जखम वाढतच चालली. नर्सने सांगितलं, पुढच्या खेपेला अशीच दिसली तर हलवावंच लागेल.

माझं डोकं फिरलं. कारखान्यात खुर्चीची गादी तपासायची आमची रीत आहे. एकाने वर बसायचं, दुसऱ्याने खालून हात सरकवायचा. हाड हाताला लागलं तर माल नापास. घरच्या गादीला हे करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सासूबाईंच्या गादीखाली हात सरकवला. माकडहाड थेट तळहातावर टेकलं. मधे फोम होता की नव्हता, देव जाणे.

"टोचतं ना, आई?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "किती हौसेने केलीय त्याने. त्याला सांगू नकोस."

सांगू नको म्हणे. मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "हात घाला खाली."

"माझा माल मला शिकवतेस?"

"घाला म्हणते ना."

त्याने हात घातला आणि तसाच बसून राहिला. काढेचना. "आई, अगं बोलायचंस ना," एवढंच तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं, पण त्याला ओढून आणल्याचा पस्तावा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ओतला तो ठोकळा जड होता, चांगला टणक. त्यावर मी मऊ फोमचा पातळ थर चिकटवला. सासूबाईंनी पडल्या पडल्या तोंड वाकडं केलं. "जरा कडकच आहे." अख्ख्या आजारपणातली त्यांची पहिली तक्रार.

जखम सावकाश भरत आली. नर्सने दवाखान्याचं नाव काढणं सोडलं. मऊ गादी मात्र सासूबाईंनी टाकू दिली नाही. नवरा ती जमिनीवर घालून त्यांच्या खाटेशेजारी झोपतो आणि सकाळी कंबर धरून उठतो. मी काही बोलत नाही.

कामावरून आला की तो हात धुतो, कोरडे करतो आणि आईच्या गादीखाली एक हात सरकवतो.

"लागलं का रे काही?" सासूबाई विचारतात.

"नाही, आई. काही नाही लागलं."